तांब्या घेऊन पळणारा माणूस

सांगलीत त्या काळी शरीर ही कमवायची वस्तू होती. वापरायची पद्धत नव्हती. तालमीत जायचं, जोर-बैठका काढायच्या, दूध प्यायचं आणि कमावलेलं शरीर पातळ सदऱ्यात घालून मारुती चौकातून सावकाश फिरवून आणायचं. सावकाश हे महत्त्वाचं. भराभर चालणाऱ्याला लोक कारकून समजत. मी कारकूनच होतो, त्यामुळे त्या बाबतीत मला कुणाचा गैरसमज दूर करायचा नव्हता.

विश्रामबागेतल्या एका सरकारी कचेरीत माझी नोकरी होती आणि राहायला गावभागात. दहा वर्षं सायकलवरून गेलो-आलो. मग कैक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेल्या स्कूटरचा नंबर लागला. तिला हार घातला, नारळ फोडला, कचेरीत पेढे वाटले. पाय या अवयवाचं काम त्या दिवशी संपलं. दीड वर्षात पोट असं वाढलं, की स्कूटरवर माझ्या पुढ्यात कुणीतरी पाहुणा बसवून नेतोय असं वाटावं. पण हसलं कुणी नाही. "प्रकृती सुधारली," असंच सगळे म्हणाले.

अडचण आली ती गावाकडून. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. गावामागे पायऱ्यांचा डोंगर, डोंगरावर देवी. चैत्रातल्या जत्रेला देवीला पहिली आंघोळ नदीच्या पाण्याने घालायची आणि ते पाणी आमच्या घराने न्यायचं, हा आमचा मान. तांब्याची घागर, भरली की अर्ध्या मणाची. नदीपासून देवळापर्यंत ती खांद्यावरून न्यायची. खांदा बदलला तर चालतो. घागर भुईला टेकली, की मान गेला.

तो जाणार कुठे, हेही ठरलेलं होतं. घागरवाल्याच्या मागे तीन पायऱ्या सोडून भावकीतल्या दुसऱ्या घराचा माणूस चालतो. त्याला पाठीराखा म्हणतात. त्याचं काम एकच: पुढचा कधी लटपटतो याची वाट बघणं. लटपटला, की त्याच्या खांद्यावरची घागर आपल्या खांद्यावर घ्यायची आणि मान आपल्या घरी न्यायचा, कायमचा. हात रिकामे ठेवून, मोठ्या आपुलकीने तो डोंगरभर मागे चालतो.

वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, तो मान वीस-बावीस वर्षं नेला. आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. बहात्तरचा दुष्काळ संपला त्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. दिवाळीला आम्ही गावी गेलो तेव्हा त्यांनी मला डोंगरावर देवीला नारळ द्यायला पाठवलं. मी गेलो. वाटेत तीन वेळा बसलो. आबा खाली अंगणात फौजेतून आणलेली दुर्बीण डोळ्याला लावून बसले होते, हे मला परत आल्यावर कळलं.

"मोकळ्या हातानं तीन डाव बसलास," ते म्हणाले. "घागर घिऊन काय करनार हाईस? मुक्काम?"

"आबा, चैत्राला अजून अवकाश हाय."

"अवकाश हाय. दम हाय का?"

तेवढ्यात माझा चुलतभाऊ मोटरसायकलवरून आला. पुढच्या चैत्रातला पाठीराखा तोच. माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, पंधरा एकर ऊस, नवा ट्रॅक्टर. घरापासून गोठ्यापर्यंत शंभर पावलं असतील, तीही तो मोटरसायकलवरून जाई. त्यानेही मला बसताना पाहिलं होतं.

"दादा, लय दमलास जनू," तो म्हणाला. "काय काळजी करू नगंस. मी हाय की मागं."

आबांनी दुर्बीण डब्यात घातली आणि घरात निघून गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

देवीबद्दल माझं मत तेव्हाही फारसं ठाम नव्हतं. तिला आंघोळ कुणाच्या हातची मिळते याचं तिला काही वाटत असेल, असं मला वाटत नव्हतं. पण ती चुलतभावाच्या हातची नसावी, एवढी माझी श्रद्धा पक्की होती. आणि आबा जेवले नव्हते.

सांगलीला परत आलो आणि आमच्या भागातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. तालमीत गेलो. वस्तादांनी मला चहूबाजूंनी पाहिलं, जसा बाजारात बैल पाहतात.

"सायेब, ताकद पायजे ना? मग दूध, बदाम, जोर, बैठका. दुसरं काय बी नगं."

"थोडं पळू का?"

"पळतं कोन?" वस्ताद म्हणाले. "चोर. न्हाईतर त्येच्या मागं पोलीस. आनि पोलीस बी आता कुटं पळत्यात?"

दीड महिना मी जोर काढले आणि दूध प्यालो. दंड टणक झाले, वजन वाढलं, सदरे सैल करून घ्यावे लागले. मी खूश होतो. मग एक दिवस वस्ताद स्वतः कसल्याशा दाखल्यासाठी आमच्या कचेरीत आले. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. तो डोंगरासारखा माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शिपायाने पाणी आणलं, खुर्ची दिली, तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मी उठून त्यांच्यासाठी साहेबांची सही आणायला एक मजला वर गेलो. तिथे माझीही तीच अवस्था झाली. साहेब म्हणाले, "बसा, बसा. वाईट बातमी आहे का?"

संध्याकाळी मी डॉक्टरकडे गेलो. तो माझ्या शाळेतला मित्र. सिगारेट ओढत ओढत तो लोकांना सिगारेट सोडायला सांगे आणि लोक ऐकतही. त्याने माझी नाडी मोजली. नुसता बसलेलो असताना ब्याण्णव.

"तू काय पळत आलास?"

"स्कूटरवरून आलो."

"मग हे तुझं नेहमीचं दिसतंय." त्याने राख झटकली. "तुझ्या गावाकडच्या भाषेत सांगतो. हृदय म्हणजे विहिरीवरचा पंप. तुझं इंजिन तीन हॉर्सपॉवरचं आणि तू त्यावर दहा एकर ऊस भिजवतोयस. वस्तादांनी तुला आणखी दोन एकर वाढवून दिले. इंजिन आहे तेवढंच आहे."

"मग इंजिन मोठं कसं करायचं?"

"रोज चालवून. अर्धा तास, न थांबता, घाम येईपर्यंत. पळ, पण सावकाश. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी कर. दीड-दोन महिन्यांत तेच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागेल. मग त्याला मिनिटाला इतके ठोके मारावे लागणार नाहीत. फुप्फुसं, पाय, झोप, सगळं त्याच्या मागोमाग येतं."

"तू का नाही पळत?"

"मला कुठे घागर न्यायचीय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅनव्हासचे बूट घालून मी आयर्विन पुलाकडे पळत निघालो. थंडीचे दिवस, नदीवर धुकं. पुलावर पोचेपर्यंत तीन सायकली माझ्यासाठी थांबल्या.

"सायेब, कोन गेलं?" पहिल्या गवळ्याने विचारलं.

दुसऱ्याने विचारलं, "दवाखान्यात न्यायचंय का? बसा मागं."

तिसऱ्याने काही विचारलंच नाही. सायकल वळवून तो माझ्या पाठीमागे निघाला, काय झालंय ते बघायला. पस्तिशी ओलांडलेला, बायकामुलं असलेला, सरकारी नोकरीतला माणूस काही संकट आल्याशिवाय पळतो, ही कल्पनाच सांगलीला नव्हती. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू चहाचं भांडं घेऊन आमच्या घरी आल्या आणि पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. आमच्याकडे कुणीही वारलेलं नाही, हे पटवून द्यायला तिला अर्धा तास लागला.

"मी बंद करतो हे," मी म्हणालो.

पत्नी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, हातात तांब्या घ्या. कुणी विचारणार नाही."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ही बाई कणीक मळण्यात वाया जात होती.

दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या घेऊन पळू लागलो. सायकली बाजूला झाल्या. लोकांनी समजूतदारपणे नजर वळवली. नदीकाठच्या अरुंद वाटेवर म्हातारीकोतारी माणसं अंग चोरून मला वाट देत, एकाने तर "जावा, जावा, आदी तुमी," असं म्हटलं. आपल्याकडे मंत्र्याच्या गाडीलाही इतक्या मनापासून कुणी वाट दिलेली मी पाहिलेली नाही. पहाटे तांब्या घेऊन पळणाऱ्या माणसाचं कारण सगळ्यांना माहीत असतं आणि ते विचारण्याइतकं निर्दय कुणी नसतं.

त्याची किंमत कचेरीत मोजावी लागली. माझं पोट बिघडलंय, ही बातमी आठवडाभरात वरच्या मजल्यापर्यंत गेली. शिपायाने डाळिंबाच्या सालीचा काढा आणून दिला. साहेबांनी माझं शिरवळचं दौऱ्याचं काम दुसऱ्याला दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "प्रवासात गैरसोय व्हायची." मी आभार मानले.

डॉक्टरला तांब्याची युक्ती फार आवडली. तो म्हणाला, "आता रिकामा नको नेऊस. भरून ने. पाणी सांडलं, तर समज फार जोरात पळतोयस." तेव्हापासून भरलेला तांब्या. बोलता येतंय की नाही, हे तपासायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून मी पाढे म्हणू लागलो. सुरुवातीला नवाच्या पाढ्यातच धाप लागे. पौष संपता संपता मी सतराच्या पाढ्याला पोचलो. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचा पंच्याऐंशी, आणि तांब्यातलं पाणी काठाला धरून.

मग एकेक गोष्ट आपोआप होऊ लागली. मी काही केलं नाही, नुसता पळत राहिलो. रात्री पाठ टेकली की सकाळ. पत्नी म्हणाली, माझं घोरणं थांबल्यामुळे पहिल्या आठवड्यात तिला झोपच येईना. जेवण पचू लागलं, आणि कचेरीत फाईल परत आली की कानशिलं तापत, तीही तापेनाशी झाली. पुन्हा सायकल काढली. सदरे परत आत घ्यायला शिंप्याकडे गेलो, तर त्याने घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. बारीक होणं ही आमच्याकडे दुःखाची खूण. एके दिवशी कचेरीच्या जिन्यावरून शिपायाशी बोलत बोलत चढलो आणि जिना संपला, हे वर टेबल दिसल्यावर कळलं. डॉक्टरने नाडी पाहिली. अडुसष्ट.

"सतरा चोक," मी म्हणालो.

चैत्र आला. जत्रेला डोंगराच्या पायथ्याशी मांडव घातला होता. तालुक्यातले एक पुढारी महाबळेश्वरच्या मुक्कामाहून जीपने आले होते. जीप थेट मांडवाच्या खांबापर्यंत नेली. हार झाले, शाल झाली. 'बलोपासनेचे महत्त्व' या विषयावर ते अर्धा तास बोलले, बोलताना दोनदा पाणी प्याले, आणि देवीला खालूनच नमस्कार करून परत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवीने सवयीने मनावर घेतलं नसावं.

आबा पायथ्याला एका दगडावर दुर्बीण घेऊन बसले. गुडघ्यावर पंचा बांधलेला. नदीवरून घागर खांद्यावर घेऊन मी त्यांच्यासमोर आलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घाई करू नगंस. आनि मागं बगू नगंस."

ढोल पुढे, मग मी, तीन पायऱ्या सोडून चुलतभाऊ, त्याच्या मागे गाव. त्याने नवा फेटा बांधला होता. ऊन चढलेलं, पायऱ्या तापलेल्या. पहिल्या शंभर पायऱ्या तो न थांबता बोलत होता.

"दादा, खांदा दुकतोय का?"

मी पाढा म्हणत होतो.

"दुकत असंल तर सांग गड्या. लाजायचं काय त्यात? सांगलीचं पानी मऊ. दे हिकडं."

"सतरा दुने चौतीस."

"काय म्हनतोस?"

"तुला न्हाई म्हनत."

मागच्या बाया एकमेकींना म्हणाल्या, "देवीचं नाव घेतोय वं. बापावर गेलाय." मी पाढा पुढे चालू ठेवला. सतरा त्रिक एक्कावन्न. पाय आपोआप पडत होते. छाती भरून येई आणि रिकामी होई, पण तिच्यात घाबरं काही नव्हतं. अर्ध्या डोंगरावर वडाचं वळण आहे. दिवाळीत मी तिसऱ्यांदा बसलो, ती जागा. ते वळण मी घेतलं आणि लक्षात आलं, की मागचं बोलणं कधीचंच थांबलंय.

मला वाटलं, दबा धरून असेल. मग एक आवाज आला, पोतं टेकावं तसा.

आबांनी सांगितलं होतं तरी मी मागे बघितलं. चुलतभाऊ पायरीवर बसला होता. फेटा मांडीवर, तोंड राखेसारखं, एक हात छातीवर. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. मागून येणारे लोक थांबले. ढोल थांबला. आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. कारण पाठीराखा बसला तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं. रिवाज होता तो पुढच्याने दमायचा.

मी चालत राहिलो असतो, तर कुणी नावं ठेवली नसती. मान माझाच होता. पण मी खाली उतरलो. घागर खांद्यावरच. गुडघे वाकवून त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि घागर तिरकी केली. पाणी त्याच्या डोक्यावरून, मानेवरून गेलं.

"ओंजळ धर," मी म्हणालो.

"आरं..." त्याला शब्द मिळत नव्हते. "देवीचं... हाय ते."

"देवी कुटं पळून चाललीया? पी."

तो प्याला. मी पुन्हा ओतलं. देवाला नेत असलेलं कावडीतलं पाणी एका संताने तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आम्हाला शाळेत होती. ती त्या क्षणी मला आठवली, पण चुलतभाऊ तसाही अडचणीत होता, म्हणून मी ती मोठ्याने सांगितली नाही.

त्याच्या तोंडावर रंग येईपर्यंत मी तसाच घागर सावरून बसलो होतो. किती वेळ, ते नेमकं सांगता येणार नाही. सतराचा पाढा सहा-सात वेळा झाला. मग चार जणांनी त्याला उचलून खाली नेलं आणि मी उठून वर गेलो. उठताना मात्र दोन्ही मांड्यांनी आपलं मत स्पष्ट सांगितलं.

देवळाच्या दारात गुरवाने घागरीत डोकावलं.

"अर्दीच?"

झालेलं सांगितल्यावर जाणत्यांची बैठक तिथेच बसली. एक म्हणाला, पाणी माणसानं आधी प्यालं, उष्टं झालं. दुसरा म्हणाला, रिवाज टेकवायची न्हाई हा हाय, भरलेली पायजे असं कुटं हाय? तिसऱ्याने आज्याच्या काळातला दाखला काढला, तो या प्रकरणाला लागू नव्हता. गुरव पहाटेपासून उपाशी होता. तो म्हणाला, "आवं, देवी सकाळधरनं पारुशी हाय. हाय तेवडं तरी घालू द्या." घातलं. मान आमच्याकडेच राहिला.

खाली उतरलो तेव्हा आबा त्याच दगडावर होते. दुर्बीण अजून हातात.

"वडापाशी थांबलास."

"व्हय."

"टेकवलीस?"

"न्हाई."

"त्यो उठंस्तवर तसाच व्हतास?"

"व्हय."

त्यांनी माझा हात धरला, मनगटावर दोन बोटं ठेवली. फौजेत शिकले असावेत. बराच वेळ मोजत राहिले.

"दम न्हाई लागला तुला," ते म्हणाले. दुर्बिणीचा डबा बंद केला. "तुज्या आज्याला बी हे जमलं नसतं. त्यो पानी द्यायला थांबला बी नसता." मग घरी येऊन ते दोन भाकरी जास्त जेवले.

चुलतभावाला मी सांगलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने त्याला तपासलं, नवीन सिगारेट पेटवली आणि सांगितलं, "हृदय अजून शाबूत आहे. फक्त नोटीस पाठवलीय." मग पंप, इंजिन आणि उसाचं तेच व्याख्यान दिलं. ऊसवाल्याला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

पुढे सुट्टीला गावी गेलो. पहाटे मळ्याकडे गेलो तर बांधावरून एक जाडजूड माणूस दुडक्या चालीने येत होता. हातात तांब्या.

"कुनी विचारलं का?" मी म्हणालो.

"न्हाई बा." तो थांबला नाही. "लय सोय हाय याची."

पुढच्या चैत्रात घागर पुन्हा माझ्या खांद्यावर आली. ढोल पुढे, मागे तीन पायऱ्या सोडून तो. यंदा तो काही बोलत नव्हता. मला बरं वाटलं. आता आम्ही सुधारलो, अशी माझी समजूत झाली. वडाचं वळण घेतलं तेव्हा मागून आवाज आला, अगदी सावकाश, एकही शब्द न तुटता:

"बारा चोक अठ्ठेचाळीस. बारा पाचा साठ."

त्याला बाराच्या पुढचे पाढे येत नव्हते. पण दम मात्र भरपूर होता. त्या डोंगरावर पहिल्यांदाच मला घागरीची खरी काळजी वाटली.